बेटी नॉइस यांचं नाव कुठे आहे?

मी डबिंग करते. पंचवीस वर्षं होऊन गेली. डोंबिवलीहून सकाळची लोकल, दादरला गाडी बदलायची, अंधेरीला उतरून रिक्षा, आणि मग एका बंद, थंडगार खोलीत माइकसमोर उभं राहायचं. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, बाजूला स्टँडवर संवादांचे कागद. स्क्रीनवर कधी दाक्षिणात्य सिनेमातली नायिका असते, कधी परदेशी मालिकेतली आई, कधी कार्टूनमधला सहा वर्षांचा मुलगा. तिचे ओठ उघडले की माझा शब्द सुरू झाला पाहिजे आणि मिटले की संपला पाहिजे. 'प', 'ब', 'म' म्हणताना माणसाचे ओठ बंद होतात. मराठी वाक्यात ही अक्षरं नको तिथे आली, तर बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं. मग काचेपलीकडून आवाज येतो, "ताई, एक ओठ राहिला. पुन्हा घेऊ." आम्ही पुन्हा घेतो. त्या बाईचं रडणं, धापा टाकणं, आवंढा गिळणं, सगळं माझ्या गळ्यातून जातं. सिनेमा लागतो. नावांची यादी वर सरकत जाते. त्यात आमचं नाव बहुतेक वेळा नसतं.

१९९९ साली, मी या कामात अगदी नवी असताना, आमच्या स्टुडिओतल्या ज्येष्ठ रेकॉर्डिस्टकाकांनी माझ्या हातात एक व्हीएचएस कॅसेट दिली. "बाळ, घरी जाऊन हे बघ. आपल्या कामावरचा सिनेमा आहे," म्हणाले. तो होता 'सिंगिंग इन द रेन'. एमजीएम स्टुडिओचा, १९५२ सालचा. शेजारच्यांकडून व्हीसीआर आणून मी तो रात्री पाहिला. इंग्रजी सगळं कळलं असं नाही. पण शेवटचा प्रसंग कळायला भाषा लागत नव्हती.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १९२७ चा. मूकपट संपतोय, बोलपट सुरू होतोय. डॉन लॉकवूड आणि लीना लॅमाँट ही पडद्यावरची लाडकी जोडी. डॉनच्या भूमिकेत जीन केली, लीनाच्या भूमिकेत जीन हेगन. लीना दिसायला सुंदर, पण आवाज चिरका, बोलणं गावंढळ. बोलपटात ती तोंड उघडते आणि प्रेक्षक हसायला लागतात. मग डॉनचा मित्र कॉस्मो, म्हणजे डोनाल्ड ओ'कॉनर, तोडगा काढतो: कॅथी सेल्डन या नवख्या मुलीचा आवाज लीनाच्या तोंडी घालायचा. कॅथी झाल्या आहेत डेबी रेनॉल्ड्स. सिनेमा गाजतो. कॅथीचं नाव लपवून तिला आयुष्यभर आपला आवाज बनवून ठेवायचा लीनाचा बेत असतो. शेवटी भरल्या थिएटरात लीना गाण्याचा आव आणत असताना मागचा पडदा वर ओढला जातो, आणि माइकसमोर उभी असलेली खरी गाणारी मुलगी साऱ्यांना दिसते. कॅथी लाजून पळत सुटते. डॉन तिला थांबवतो आणि लोकांना सांगतो, तुम्ही ज्या आवाजावर प्रेम केलंत तो हिचा आहे.

त्या रात्री मी खूप रडले. वाटलं, जगात कुणीतरी आमच्यासाठी हा सिनेमा केलाय.

पुढे काही वर्षांनी मला या सिनेमाच्या पडद्यामागची एक गोष्ट कळली. ती कळल्यापासून तो सिनेमा मी पहिल्यासारखा पाहू शकलेले नाही. आज हा लेख मी तिच्यासाठीच लिहितेय.

कॅथी लीनासाठी 'वुड यू' हे गाणं ध्वनिमुद्रित करते, तेव्हा जो मऊ, भरीव आवाज ऐकू येतो तो डेबी रेनॉल्ड्स यांचा नाही. तो बेटी नॉइस या गायिकेचा आहे. सिनेमातली कॅथी लीनाला आवाज देते, आणि खऱ्या स्टुडिओत बेटी नॉइस कॅथीला आवाज देतात. 'गुड मॉर्निंग'सारखी गाणी रेनॉल्ड्स यांनी स्वतः गायली. पण शेवटी डॉन लोकांसमोर कॅथीचं नाव घेतो आणि दोघं मिळून 'यू आर माय लकी स्टार' गातात, त्यातही स्त्रीचा आवाज बेटी नॉइस यांचाच आहे. ज्या क्षणी पडदा म्हणतो की आवाज जिचा तिचं नाव घ्या, त्याच क्षणी ऐकू येणाऱ्या आवाजाचं नाव त्या सिनेमात कुठेही नाही. श्रेयनामावलीत बेटी नॉइस नाहीत.

त्याच्या अकरा वर्षं आधीही असंच झालं होतं. डिस्नेच्या १९४१ च्या 'डंबो'मध्ये पिंजऱ्यात अडकवलेली हत्तीण सोंड बाहेर काढून पिल्लाला कुरवाळते आणि मागे 'बेबी माइन' हे अंगाईगीत वाजतं. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, अर्थातच गीतकार-संगीतकाराला. गायलं होतं बेटी नॉइस यांनी. तिथेही त्यांचं नाव नव्हतं.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सिनेमातल्या सिनेमात लीनाचे संवाद कॅथीच्या गोड, शुद्ध आवाजात ऐकू येतात. ते संवाद रेनॉल्ड्स यांनी बोललेलेच नाहीत. ते बोलल्या आहेत जीन हेगन, म्हणजे लीनाच. हेगन यांचा खरा आवाज सुंदर होता. चिरका आवाज हे त्यांनी भूमिकेसाठी घडवलेलं सोंग होतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचं मोल विशेष कळतं. गोड आवाज वाईट करणं सोपं नसतं. सुरुवातीचे दोन संवाद निभावतात, पण संपूर्ण सिनेमाभर त्याच उंचीवर, त्याच नाकातून, त्याच तुटक्या उच्चारात बोलत राहायचं आणि तरीही प्रत्येक वाक्यात राग, मत्सर, अपमान वेगळा ऐकू आणायचा, याला गळ्यावर हुकूमत लागते. हेगन यांना त्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. या सिनेमाला मिळालेली नामांकनं दोनच, दुसरं संगीत-संयोजनाचं. पुरस्कार एकही मिळाला नाही. आज मात्र जगातल्या मोठ्या चित्रपटांच्या बहुतेक याद्यांत तो असतो. 'अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट'ने २००६ साली संगीतपटांच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाच्या जगभरच्या समीक्षकांच्या कौलात तो दहावा आला.

अशा गोष्टींना आपण 'पडद्यामागचे किस्से' म्हणतो. रविवारच्या पुरवणीत चौकटीत छापतो, मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, 'तुम्हाला माहीत आहे का' म्हणून वाचतो आणि विसरतो. माझं म्हणणं असं आहे की हे नुसते किस्से नाहीत. कुणी काम केलं, किती केलं, कशा स्थितीत केलं आणि नाव कुणाचं लागलं, याच्या या नोंदी आहेत. स्टुडिओच्या श्रेयनामावलीने जे लिहिलं नाही, ते या किश्श्यांनी जपलंय. म्हणून ते खरे सांगितले पाहिजेत आणि गंभीरपणे वाचले पाहिजेत.

खरे सांगितले पाहिजेत, हे मी मुद्दाम म्हणते. या सिनेमाचा सर्वांत लाडका किस्सा असा, की पावसातल्या त्या प्रसिद्ध नाचाच्या वेळी पाणी कॅमेऱ्यात दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं होतं. ऐकायला छान आहे. पण ते खरं नाही. पाऊस दिसतो तो प्रकाशामुळे. पाण्याच्या थेंबावर समोरून दिवा टाकला तर प्रकाश त्यातून आरपार जातो आणि थेंब हरवतो. मागून टाकला तर प्रत्येक थेंबाची कड चमकते आणि धारा मोत्यांच्या सरीसारख्या उठून दिसतात. कॅमेरामन हॅरॉल्ड रॉसन यांनी आणि त्यांच्या दिवेवाल्यांनी हे काम केलं. कल्व्हर सिटीमधल्या एमजीएमच्या आवारातल्या रस्त्यावर काळ्या ताडपत्र्या टाकून भर दिवसा रात्र केली होती. वर नळांचं जाळं टाकून पाऊस पाडला होता. ताडपत्रीखालच्या त्या कोंदट अंधारात, पाण्याच्या इतक्या जवळ, विजेचे मोठे दिवे मागच्या बाजूला लावणं हे जोखमीचं आणि कसबाचं काम होतं. केली यांचा पाय जिथे पडणार होता, नेमक्या तिथे डबकी साठावीत म्हणून रस्त्यात खड्डे केले होते. आपण दुधाची गोष्ट सांगतो, तेव्हा या सगळ्या माणसांचं कसब एका बादलीला देऊन टाकतो. खोटा किस्सा श्रेय हिरावून घेतो. तो निरुपद्रवी नसतो.

त्या नाचातल्या टॅपच्या आवाजाचंही तसंच. संगीतपटांत नाचाचं चित्रीकरण आधी होतं आणि बुटांचा टपटप आवाज नंतर, पडद्याकडे बघत, वेगळा मुद्रित होतो. सेटवर दिवे गुणगुणत असतात, पाणी कोसळत असतं, तिथला आवाज कामाचा नसतो. म्हणजे तेही एका अर्थी डबिंगच, पायांनी केलेलं. पावसातल्या नाचाचे ओले टॅप केली यांच्या साहाय्यक कॅरल हेनी आणि ग्वेन व्हर्डन यांनी पाण्यात उभं राहून दिल्याचं सांगितलं जातं. या दोघींना पुढे ब्रॉडवेच्या रंगभूमीवर स्वतःचं नाव मिळालं, दोघींनी टोनी पुरस्कार मिळवले. पडद्यामागे राबणारे हात-पाय दुय्यम दर्जाचे असतात, हा समज किती चुकीचा आहे हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता कष्टांविषयी. या सिनेमाचे किस्से सांगताना लोक फार कौतुकाने सांगतात की पावसाचं गाणं चित्रित होताना जीन केली यांच्या अंगात १०३ अंश ताप होता. हे खरं आहे. अंगावर लोकरी सूट, वरून तासन्‌तास पाणी, आणि चेहऱ्यावर जगातला सर्वांत आनंदी माणूस. हे पाहून त्यांच्यापुढे मान लवते. ते त्या सिनेमाचे नायक होते, स्टॅन्ली डोनन यांच्याबरोबर दिग्दर्शकही होते. थांबायचं की चालू ठेवायचं हे ठरवण्याचा थोडा तरी अधिकार त्यांच्या हातात होता.

डेबी रेनॉल्ड्स यांच्या हातात तो नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी त्या जेमतेम १९ वर्षांच्या होत्या. नृत्य शिकलेल्या नव्हत्या. जिम्नॅस्टिक्स येत होतं एवढंच. काही महिन्यांत त्यांना केली आणि ओ'कॉनर या दोन पट्टीच्या नर्तकांच्या तोडीला आणायचं होतं. केली शिस्तीला फार कडक. एकदा रेनॉल्ड्स पियानोखाली बसून रडत होत्या, तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये सराव करणारे फ्रेड अस्टेअर तिथे आले. त्यांनी तिला आपला सराव बघायला बसवलं. एवढ्या मोठ्या नर्तकाचा चेहरा श्रमाने लाल झालेला, घामाने निथळणारा पाहून, हे सगळ्यांनाच अवघड जातं, हे त्या मुलीला कळलं. 'गुड मॉर्निंग' हे गाणं सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं. शेवटी त्यांच्या पायांतून रक्त येत होतं. पुढे त्यांनी म्हटलंय की हा सिनेमा आणि बाळंतपण या त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण दोन गोष्टी. आपण डेबीशी चांगलं वागलो नाही, हे केली यांनीही नंतर मान्य केलं. रेनॉल्ड्स यांनी मात्र त्यांच्याकडून मिळालेल्या शिक्षणाचं ऋण आयुष्यभर मानलं. हा त्यांचा मोठेपणा. पण तो मोठेपणा आहे म्हणून त्या रक्ताळलेल्या पायांना आपण 'गंमतशीर माहिती' म्हणू नये.

ओ'कॉनर यांचं 'मेक देम लाफ' आठवा. भिंतीवर धावत जाऊन मागे कोलांटी उडी, जमिनीवर आपटणं, बाहुलीबरोबर कुस्ती. त्या काळी ते दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचे. चित्रीकरणानंतर ते अंथरुणाला खिळले. आणि मग कळलं की कॅमेऱ्याच्या चुकीने फिल्म खराब झालीय, सगळं पुन्हा करायचंय. त्यांनी ते पुन्हा केलं. आपण पडद्यावर पाहतो आणि हसतो.

मला हे वाचताना माझा एक दिवस आठवतो. एका भयपटाची मराठी आवृत्ती होती. तारीख जवळ आलेली. नायिकेच्या किंकाळ्या एकाच दिवसात संपवायच्या होत्या. साधारणपणे आम्ही किंकाळ्या शेवटी ठेवतो, कारण त्यानंतर गळा दुसऱ्या कामाचा राहत नाही. त्या दिवशी तीन तास फक्त किंकाळ्या घेतल्या. जिन्यावरून पडताना, पाण्याखाली, तोंडावर हात दाबलेला असताना, प्रत्येक वेगळी. पाण्याखालच्या किंकाळीसाठी मी तळहात तोंडावर धरून ओरडत होते. संध्याकाळी रेकॉर्डिस्टला "निघते" म्हणायला गेले, तर आवाजच फुटला नाही. पुढचे आठ दिवस तो आला नाही. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, आणि आवाज नाही म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे पैसे नाहीत. घरी लेकीशी पाटीवर लिहून बोलत होते. सिनेमा आला, चालला. पैसे ठरलेले तेवढे मिळाले, आठ दिवसांचं कुणी विचारलं नाही, आणि नावांच्या यादीत मराठी आवाजांचा उल्लेखच नव्हता. मी फोन करून विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, तशी पद्धत नाही."

'पद्धत नाही' हेच तर हॉलिवूडही म्हणत होतं. तिथे स्टुडिओंचा काळ होता. कलाकार वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेले. नायिका म्हणजे स्टुडिओने घडवलेली मूर्ती, आणि तिच्या गळ्यातला आवाज दुसरीचा आहे हे कळलं तर मूर्तीला तडा जाईल ही भीती. मार्नी निक्सन या गायिकेने १९५६ साली 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी गायलं, १९६१ साली 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नताली वूड यांच्यासाठी, आणि १९६४ साली 'माय फेअर लेडी'मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी. तिन्ही सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. 'किंग अँड आय'च्या वेळी आपल्याला गप्प राहण्याची ताकीद दिली होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण तिथेही दोन माणसं अशी निघाली ज्यांनी पद्धत मोडली. डेबोरा कर यांनी स्वतःच जाहीरपणे निक्सन यांचं नाव घेतलं. आणि 'वेस्ट साइड स्टोरी'चे संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ध्वनिमुद्रिकेच्या आपल्या रॉयल्टीतला पाव टक्का निक्सन यांना दिला. रक्कम लहान असेल, पण त्यामागची समज फार मोठी होती.

आपल्याकडेही हा प्रश्न त्याच सुमाराला उभा राहिला होता, आणि आपण तो अधिक चांगला सोडवला. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'ची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. ते मधुबाला यांच्या पात्राचं नाव. लोक रेडिओ केंद्राकडे विचारणा करू लागले, ही गाणारी कोण? उत्तर होतं, लता मंगेशकर. त्यानंतर पार्श्वगायकांचं नाव छापलं जाऊ लागलं. पुढे फिल्मफेअर पुरस्कारांत गाण्याला पारितोषिक आहे पण गाणाऱ्याला नाही, हे पाहून लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'च्या गाण्यासाठी. आज आपल्या घराघरांत कुठलंही जुनं गाणं लागलं की आजी सांगते, हे आशाचं, हे लताचं, हे सुमनचं. पडद्यावर कोण होतं हे ती कधी विसरते, गळा कुणाचा हे विसरत नाही. हा मान मागून, भांडून, नकार देऊन मिळाला. जो मान गाणाऱ्या गळ्याला दिला, तो बोलणाऱ्या गळ्याला द्यायला आपल्याला काय अडचण आहे?

लीनाची बाजूही मला इथे मांडायची आहे. सिनेमा तिला खलनायिका करतो, आणि आपण तिच्यावर हसतो. पण बोलपट आला तेव्हा खऱ्याखुऱ्या कितीतरी जणी तिच्या जागी उभ्या होत्या. आपल्याकडे मूकपटांची मोठी तारका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स. बोलपट आल्यावर त्यांना हिंदुस्तानी नीट येत नव्हती. त्यांनी वर्षभर काम थांबवलं, भाषा शिकल्या आणि आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या १९३२ च्या बोलपटातून परत आल्या. लीनाला तशी संधी, तसा शिक्षक आणि तसा वेळ दिला असता तर? आवाज ही जन्माने मिळालेली इस्टेट नाही, ती मेहनतीने घडवता येते, हे जीन हेगन यांनी उलट्या बाजूने सिद्धच केलं आहे.

कुणी म्हणेल, इतक्या जुन्या सिनेमाचं आज काय? तर हा सिनेमा उभा राहिला तोच जुन्या कामगारांच्या आठवणींवर. निर्माते आर्थर फ्रीड यांनी संगीतकार नासिओ हर्ब ब्राउन यांच्याबरोबर १९२० आणि १९३० च्या दशकांत केलेली गाणी पटकथाकार बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन यांच्यापुढे ठेवली आणि यांच्याभोवती गोष्ट गुंफा म्हटलं. गाणी बोलपटाच्या जन्मकाळातली, म्हणून गोष्टही त्याच काळातली झाली. ती लिहिताना त्या दिवसांत काम केलेली माणसं स्टुडिओत होतीच. झुडपात लपवलेला माइक, मान फिरवली की गायब होणारा आवाज, छातीची धडधड टिपणारा माइक, पडद्यावर मागेपुढे झालेले संवाद. हे सगळं आवाजखात्याच्या माणसांनी सोसलेलं होतं. कपडेपटाचे वॉल्टर प्लंकेट यांनी तर तो काळ स्वतः पाहिला होता. म्हणजे पडद्यामागच्या माणसांच्या आठवणी कुणीतरी लक्ष देऊन ऐकल्या, म्हणून जगाला हा सिनेमा मिळाला. तेवढं लक्ष बेटी नॉइस यांच्याकडेही द्यायला हवं होतं.

१९७० साली एमजीएमने आपला जुना कपडेपट आणि सामानसुमान लिलावात काढलं. तेव्हा स्वतःचे पैसे घालून ते पोशाख विकत घेणाऱ्यांत डेबी रेनॉल्ड्स होत्या. त्या पोशाखांचं संग्रहालय व्हावं म्हणून त्या आयुष्यभर झटल्या. स्टुडिओला जे अडगळ वाटलं, ते जपण्यासारखं आहे हे त्या स्टुडिओत पाय रक्ताळेपर्यंत नाचलेल्या मुलीला कळत होतं.

मागणं फार नाही. मराठीत आज परभाषेतले सिनेमे येतात, मालिका येतात, मुलांची कार्टून येतात. मराठीत ऐकायला मिळतंय याचा आपल्याला आनंद होतो, व्हायलाच हवा. ज्या वाहिन्या आणि वितरक हे मराठीत आणतात, त्यांनी शेवटी एक पाटी लावावी: भाषांतर कुणाचं, डबिंग दिग्दर्शन कुणाचं, आवाज कुणाकुणाचे. दहा सेकंद लागतात, खर्च काही नाही. काही ऑनलाइन मंचांवर भागाच्या शेवटी अशी पाटी येते, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. ती इतरांनी का लावू नये? आणि करारात आवाज बसल्यानंतरच्या दिवसांचा विचार असावा. गळा हे आमचं एकमेव हत्यार आहे.

वाचकांना सांगायचं ते एवढंच. सिनेमा संपला की लगेच उठू नका, पुढचा भाग लगेच सुरू करू नका. नावं वाचा. जे नाव दिसत नाही ते विचारा. मुलांना आवडणाऱ्या कार्टूनमधला मराठी आवाज कुणाचा, हे त्यांच्याबरोबर शोधा. आणि कधी 'सिंगिंग इन द रेन' पाहायला बसलात आणि कॅथी माइकसमोर उभी राहून 'वुड यू' गाऊ लागली, तर शेजारी बसलेल्याला जरूर सांगा: हे बेटी नॉइस यांनी गायलं आहे.